डाव्या हाताची विद्या

जुनी मोटार पुन्हा उभी करायची म्हटली की बहुतेकांची नजर प्रथम रंगावर जाते, मग क्रोमच्या पट्ट्यांवर आणि शेवटी गादीच्या कापडावर. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात देशभरच्या जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले होते. अशा प्रदर्शनांत लोकांची गर्दी होते ती चकाकणाऱ्या अंगाभोवती, आणि त्यात गैर काहीच नाही. पण मोटार ही पाहण्याची वस्तू होण्याआधी चालवण्याची वस्तू होती. चालवणाऱ्याला तिची ओळख पटत असे ती रंगावरून नव्हे, हाताखालच्या दांड्यावरून. आज लिहायचे आहे ते या दांड्याविषयी, म्हणजे स्टिअरिंगवरच्या गिअरविषयी. तो पुष्कळ घरांनी एके काळी काढून टाकला आणि आता त्यांतलीच काही घरे तो पुन्हा बसवू पाहत आहेत.

तरुण वाचकांपैकी अनेकांनी हा गिअर पाहिलाही नसेल. आजच्या मोटारीत गिअरचा दांडा दोन आसनांच्या मध्ये, जमिनीतून वर आलेला असतो. जुन्या फियाटमध्ये किंवा अँबॅसडरमध्ये तो स्टिअरिंगच्या चाकाखाली, चालकाच्या डाव्या हाताशी आडवा असे. दांडा स्वतःकडे ओढला की गिअरांची एक जोडी हाती येई, पुढे सोडला की दुसरी. मग वर किंवा खाली नेला की त्या जोडीतला हवा तो गिअर पडे. सवय असलेला चालक हे सारे चाकावरचा हात फारसा न हलवता करी. बाजूला बसणाऱ्याला गिअर कधी बदलला ते एंजिनाच्या आवाजावरूनच कळायचे.

ही पद्धत मूळची अमेरिकेची. कॅडिलॅक कंपनीने १९३८ साली आपल्या मोटारींत दांडा जमिनीवरून उचलून स्टिअरिंगच्या खांबावर नेला, आणि दोन-तीन वर्षांतच बहुतेक अमेरिकन कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. कारण अगदी घरगुती होते. जमीन मोकळी झाली की पुढच्या सलग बाकावर तिघांना बसता येते. महायुद्धानंतर ही चाल युरोपात पोहोचली. इंग्लंडातली १९४८ ची मॉरिस ऑक्सफर्ड आणि इटलीतली १९५३ ची फियाट ११००, या दोघींचा गिअर स्टिअरिंगवरच होता. पुढे या दोन घराण्यांच्या लेकी हिंदुस्थानात नांदल्या. ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने अँबॅसडर काढली, तर मुंबईच्या कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० बनवली. तीच १९६४ पासून 'डिलाइट' आणि पुढे १९७० च्या दशकात 'पद्मिनी' झाली. १९६१ साली मद्रासहून आलेल्या स्टँडर्ड हेरल्डचा गिअर मात्र खाली होता. मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ. ज्याला जी मिळाली ती त्याने घेतली आणि तिचाच गिअर त्याच्या हातात बसला.

त्या सलग बाकाने आपल्या घरांसाठी काय केले, हे सांगायला आकडे नकोत. वडील चालवीत, मध्ये मूल, पलीकडे आई. मागे आजी, आत्या आणि आणखी दोन पोरे. गाण्याबजावण्याच्या मंडळींना तर तो बाक वरदानच होता. तंबोरा हे वाद्य मोटारीच्या रचनेशी जन्मजात वैर धरून आहे. त्याची दांडी लांब आणि भोपळा नाजूक. मागे दोघांच्या मांडीवर भोपळा ठेवून दांडी पुढच्या बाकावरून सरळ काचेकडे न्यायची, हा ठरलेला उपाय होता. मध्ये गिअरचा दांडा नसल्यामुळेच तो जमे. तबला-डग्गा डिकीत, पेटी पायाशी, आणि अशी अख्खी मैफल एका फियाटमध्ये बसून नवसारीला जाई आणि रात्री परत येई.

मग एवढी सोयीची गोष्ट लोकांनी काढली का? कारणे खरी होती, त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. जमिनीवरचा दांडा गिअरबॉक्सच्या जवळजवळ डोक्यावरच उभा असतो. हाताने ढकलले की आतला गिअर सरकतो, मध्ये कोणी दलाल नाही. स्टिअरिंगवरच्या दांड्याचे तसे नाही. त्याची हालचाल आधी स्टिअरिंगच्या खांबालगतच्या एका लांब नळीत उतरते. नळी फिरली की गिअर पडतो आणि नळी वर-खाली सरकली की जोडी निवडली जाते. नळीच्या तळाशी असलेल्या छोट्या भुजा ही हालचाल सळयांना देतात, आणि सळया ती गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवतात. या वाटेवर प्रत्येक वळणावर एक सांधा आणि प्रत्येक सांध्यात एक बुश. एकेक बुश थोडाच झिजतो. पण पाच-सहा ठिकाणची थोडी झीज एकत्र झाली की वर दांडा वीतभर हलतो आणि खाली गिअर जागचा हालत नाही. मग गिअर दोन जोड्यांच्या मध्येच अडकतो. भर चौकात मोटार थांबवून, बॉनेट उघडून, खालच्या भुजेला हाताने ढकलून गिअर सोडवणारे चालक पुष्कळांनी पाहिले असतील.

त्यात पहिल्या गिअरची अडचण होती. या जुन्या गिअरबॉक्सांत दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला सिंक्रोमेश असे. म्हणजे दात एकमेकांत शिरण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा वेग जुळवून देणारी पितळी कडी असे. पहिल्याला ती नव्हती. नव्या चालकाने घाईने पहिला टाकला की सारी गल्ली दातओठ खाई. १९८५ साली प्रीमियरचीच ११८ एनई निसानच्या एंजिनासह आणि जमिनीवरच्या गिअरसह आली. १९९० च्या दशकात अँबॅसडरलाही इसुझूचे एंजिन आणि पाच गिअरांचा जमिनीवरचा गिअरबॉक्स मिळाला. सफाईदार गिअर काय असतो ते लोकांच्या हाताला समजले. मग 'तेवढा गिअर खाली करून द्या' ही गॅरेजातली नेहमीची मागणी झाली.

ही बदलाबदल तीन तऱ्हांनी झाली, आणि आज मूळ गिअर परत आणू पाहणाऱ्याने आपल्या मोटारीत यांपैकी कोणती तऱ्हा आहे हे सर्वांआधी पाहावे. पहिल्या तऱ्हेत गिअरबॉक्स मूळचाच राहिला. फक्त सळया काढून, जमिनीला भोक पाडून, वर एक दांडा बसवला. दुसरीत एंजिन मूळचे, पण गिअरबॉक्स दुसऱ्या मोटारीचा, मध्ये पोलादी पट्टा घालून जोडलेला. तिसरीत एंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही परके. पहिली तऱ्हा म्हणजे सांधेदुखी, दुसरी म्हणजे शस्त्रक्रिया. तिसरीत मात्र मूळचे एंजिन घरात शिल्लक आहे का, या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागते.

दांडिया बाजाराकडच्या एका परिचितांच्या वाड्यात साठीच्या दशकातली एक डिलाइट आहे. तिची तऱ्हा दुसरी. तिचे काम गेल्या वर्षी झाले आणि त्यातले बरेचसे मला जवळून पाहता आले. घरच्यांची समजूत अशी होती की, स्टिअरिंगवरचा दांडा जुन्या बाजारातून आणला, बसवला, की झाले. वयस्कर मिस्त्रींनी ती पहिल्याच दिवशी मोडून काढली. त्यांचे म्हणणे असे की, दांडा म्हणजे केवळ मूठ. तो कुठे बसायचा हे गिअरबॉक्स ठरवतो. परक्या गिअरबॉक्सचे तोंड वर, जमिनीकडे उघडते. मूळच्या गिअरबॉक्सला सळयांचा हुकूम घेणाऱ्या भुजा असतात. म्हणून आधी मूळ जातीचा गिअरबॉक्स मिळवा, मग दांड्याचे बोला.

तो मिळवण्यातच पावसाळा गेला. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी ती मोटार पुढेही जिवंत ठेवली होती. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे निवृत्त झाली. टॅक्सी होत्या तोवर बुश, कड्या, फासे यांना रोजचे गिऱ्हाईक होते. आता जे मिळते ते भंगारातून आणि नशिबाने. या घराला अखेर एक गिअरबॉक्स मिळाला. मिस्त्रींनी तो तसाच बसवायला साफ नकार दिला आणि टेबलावर पूर्ण उघडला. आतले बेअरिंग बदलले. सिंक्रोच्या पितळी कड्यांची धार बोटाने तपासली. गिअर सरकवणारे काटे वाकलेले नाहीत ना, आणि दोन गिअर एकदम पडू नयेत म्हणून मध्ये बसवलेली अडसराची खीळ जागेवर आहे ना, ते पाहिले. ही खीळ हरवलेला गिअरबॉक्स वरून निरोगी दिसतो आणि पहिल्याच चढावर दगा देतो.

जुना गिअरबॉक्स उतरवणे हे ताकदीपेक्षा सबुरीचे काम आहे. बॅटरी सोडली, मोटार चार भक्कम घोड्यांवर घेतली, तेल काढले. मागच्या चाकांना फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी त्याच्या आणि जोडाच्या कडेवर खडूने नव्हे तर छिन्नीने खूण केली. कारण तो जसा निघाला तसाच परत बसला पाहिजे, नाही तर तोल बिघडून मोटार थरथरते. एंजिनाच्या तळाशी लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने आधार दिला, आणि मग गिअरबॉक्स सरळ रेषेत मागे ओढला. तो तिरका होऊन पुढच्या शाफ्टवर लोंबकळला तर क्लच प्लेट वाकते. परका गिअरबॉक्स लांबीला वेगळा असल्यामुळे त्या काळी प्रोपेलर शाफ्ट कापून जोडलेला होता. तो आता उपयोगाचा नव्हता. मूळ लांबीचा शोधून, त्याचे क्रॉस बदलून, तोल करून घ्यावा लागला. मधला पोलादी पट्टा निघाला. गिअरबॉक्सला खालून धरणारी आडवी पट्टी मूळ जागी गेली. स्पीडोमीटरची तार गिअरबॉक्सच्या शेपटातून फिरते. परक्या गिअरबॉक्सबरोबर काटा इतकी वर्षे भलताच वेग सांगत होता, तोही ताळ्यावर आला.

नवा, म्हणजे खरे तर जुनाच, गिअरबॉक्स बसवताना एक बारकी युक्ती पाहिली. क्लच प्लेट अगदी मध्यावर बसली नाही तर गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या खाचांतून जात नाही, आणि कितीही जोर लावला तरी शेवटची अर्धी बोटभर फट मिटत नाही. तिथेच लोक बोल्ट आवळून फट मिटवायला जातात आणि गिअरबॉक्सचे कान तोडतात. मिस्त्रींनी एका मोडक्या गिअरबॉक्समधला शाफ्ट यासाठीच जपून ठेवला होता. तो प्लेटमधून एंजिनाच्या बुशात घातला, प्लेट मध्यावर आणली, आवळली आणि शाफ्ट काढून घेतला. मग गिअरबॉक्स हाताच्या दाबाने आत गेला. जमिनीतल्या भोकावर पत्रा वेल्ड झाला, त्यावर रबर आले, आणि पुढचा बाक कित्येक वर्षांनी पुन्हा सलग दिसू लागला.

यानंतर दांड्याची पाळी आली. नळी सरळ आहे का पाहिली, तळाच्या भुजांचे बुश लेथवर नवे कातून घेतले, सळयांच्या टोकांना ग्रीस भरले. शेवटचे काम मात्र हत्याराचे नव्हते, कानाचे आणि बोटांचे होते. गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवायचा, वरचा दांडाही न्यूट्रलमध्ये धरायचा, आणि सळईच्या आटे पाडलेल्या टोकाला एकेक वेढा देत ती अशा लांबीवर आणायची की कुठेही न ढकलता, न ओढता, आपल्या जागी अलगद पडेल. अर्धा वेढा जास्त झाला तर तिसरा गिअर छान पडतो आणि दुसरा कुरकुरतो. अर्धा कमी झाला तर उलट. तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवरचा सुताचा दोरा केसभर पुढे-मागे करीत तार उघडते ती जागा शोधतात. त्या जागेचे माप कुठल्याही पुस्तकात नाही. गाणे शिकवणाऱ्या माणसाला हे दृश्य अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते. मिस्त्रींनी सळई नऊ-दहा वेळा बसवली आणि काढली. मग लॉक-नट आवळला आणि हात पुसले.

मोटार उभी राहिली. पण खरी अडचण पुढेच होती. घरातल्या कोणाला ती चालवता येईना. आजोबा गेले, वडिलांनी उमेदीत जमिनीवरचाच गिअर वापरला, आणि नातवाने क्लच नसलेल्या मोटारीवर परवाना काढलेला. स्टिअरिंगवरचा गिअर हा काही डाव्या हाताचा मळ नव्हे, ती डाव्या हाताची विद्या आहे. त्यातही मोटार चालती असताना पहिला गिअर टाकायचा तर क्लच दोनदा दाबावा लागतो. एकदा दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा आणि क्लच सोडायचा. अॅक्सिलरेटरला थोडा धक्का देऊन एंजिनाचा वेग चढवायचा. पुन्हा क्लच दाबून पहिला टाकायचा. सिंक्रोची कडी जे काम करते ते इथे पायाने आणि कानाने करायचे. दाब, सोड, धक्का, दाब, या चार मात्रा सारख्या अंतराने पडल्या तर गिअर लोण्यात सुरी जावी तसा जातो. एक मात्रा चुकली की गल्लीला कळते. पुष्कळ जुन्या गिअरबॉक्सांत पहिल्याचे आणि रिव्हर्सचे दात सरळ कापलेले असतात, म्हणून ते गिअर चालताना गुणगुणतात. बाकीचे तिरपे दात शांत असतात. ती गुणगुण ऐकून वेग ओळखायला त्या नातवाला मिस्त्रींनीच शिकवले. समा-सावली रस्त्यावर पहाटे, चार रविवार.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अनेक घरे आज याच वळणावर उभी आहेत. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या मोटारींसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक झालेली आणि मूळ रूपात राखलेली, म्हणजे सांगाडा, अंग किंवा एंजिन यांत मोठा फेरफार न झालेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र अशी मोटार प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. तेव्हा प्रत्येक घराने आधी ठरवावे की मोटार कशासाठी हवी आहे. रोज भाजीला न्यायची असेल आणि जमिनीवरचा गिअर नीट चालत असेल, तर केवळ लोक म्हणतात म्हणून शस्त्रक्रिया करू नये. ज्या मोटारीला परक्या गिअरबॉक्सने तीस वर्षे इमानाने ओढले, तिचा तोही इतिहासच आहे. पण मूळ रूपात आणायचीच असेल, तर वरवर दांडा लावून जमिनीवरचे भोक गालिच्याने झाकण्याचा मार्ग धरू नये. त्याने मोटार फसत नाही, फक्त पाहुणे फसतात.

आणि आणायची असेल तर उशीर करू नये. सुटे भाग भंगारातून मिळतील, बुश लेथवर कातून घेता येतील, पण सळईला अर्धा वेढा कमी हवा हे बोटांनी सांगणारे मिस्त्री बाजारात मिळत नाहीत. बडोद्यात असे जे थोडे उरले आहेत त्यांतल्या बहुतेकांची मुले दुसऱ्या कामांना लागली आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. काम सुरू असताना घरातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने शेजारी उभे राहून पाना धरावा, कोणता भाग कुठून निघाला ते वहीत लिहून ठेवावे, काढलेला परका गिअरबॉक्सही तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावा. गाण्यात आपण ज्याला तालीम म्हणतो ती याहून वेगळी नसते.

परवा त्या डिलाइटमधून आम्ही तिघे पुढच्या बाकावर बसून सुरसागराच्या काठाने गेलो. मध्ये मी होतो, गुडघ्यांना दांडा लागत नव्हता. न्यायमंदिराच्या वळणावर नातवाने तिसऱ्यावरून दुसरा टाकला, आणि तो केव्हा पडला हे मला बाहेर बघत असल्यामुळे कळलेच नाही.